पेटीवरचं नाव, भिंतीवरचा चेहरा

एप्रिल-मेमध्ये वाशीच्या एपीएमसी फळ मार्केटात पहाटे शिरलं, की पायाखाली पेंढा असतो आणि डोळ्यांपुढे अक्षरं. देवगड, रत्नागिरी, राजापूर. पेट्यांच्या थप्प्यांवर गाव, बागायतदाराचं नाव, डझनांचा आकडा. कुठे लाकडी फळीवर साच्यातून उमटवलेली काळी शाई, कुठे पुठ्ठ्याच्या खोक्यावर चाररंगी छपाई: पिवळाधमक हापूस, शेजारी देव, मागे समुद्र. माल उतरवणाऱ्या माथाडी कामगाराला थांबून वाचायला सवड नसते. पाठीवर ओझं, मागून हातगाडी, आणि एका नजरेत कळलं पाहिजे की ही थप्पी कुणाच्या गाळ्यावर जायची.

एपीएमसी, म्हणजे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती, १९७७ची. फळं आणि भाजीपाल्याचे बाजार १९९६मध्ये मुंबईतून इकडे आले. तेव्हापासून कोकणातल्या बागांची नावं दर हंगामात इथे वाचली जातात. इथली बहुतेक खोकी कुणा कलाशाळेत घडलेल्या माणसाने काढलेली नसतात. पण ज्यांची नावं लांबून ओळखू येतात, त्यांच्यात आणि जुन्या सिनेमाच्या चांगल्या पोस्टरमध्ये एक नातं आहे. स्वतःचं पोस्टर करू पाहणाऱ्याने, मग ते नाटकाचं असो, गणेशोत्सव मंडळाचं असो की आंब्याच्या खोक्याचं, ते नातं आधी उलगडून बघावं.

त्याचा उगम शोधायचा तर कोल्हापूर गाठावं लागतं.

बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, यांचा हात सिनेमाआधी नाटकाच्या पडद्यांवर बसला. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी राजवाडे, अरण्यं, रस्ते रंगवले. नाटकाचा पडदा पिटातल्या शेवटच्या माणसालाही दिसायला हवा. बारीक नक्षी तिथे वाया जाते. ही शिस्त घेऊन बाबूराव सिनेमात उतरले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०मध्ये आला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. १९२४च्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज हाती असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपट पोस्टर मानलं जातं. दादासाहेब फाळके स्वतः छपाईच्या धंद्यातून आलेले, तरी ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात मुख्यतः मजकुराची होती. सिनेमा डोळ्यांनी बघायचा, तर त्याचं बोलावणंही डोळ्यांना जावं, हे कोल्हापूरच्या या पडदे रंगवणाऱ्याने ठसवलं.

त्याच गावचे जी. कांबळे. महाराष्ट्र शासनाने अधिकृत मानलेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र त्यांचं, हे पुष्कळांना ठाऊक असतं, व्ही. शांताराम यांच्या राजकमलसाठी पोस्टर रंगवणारेही तेच, हे कमी जणांना. ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६०ला मुंबईत मराठा मंदिरला लागला तेव्हा तिथले भव्य फलकही कांबळ्यांचे होते. त्या फलकांसाठी दिग्दर्शक के. आसिफ यांनी देशात मिळतील तेवढ्या उंची विलायती रंगाच्या नळ्या विकत घेतल्या, असं सांगितलं जातं. सिनेमाच्या धंद्यातल्या गोष्टी थोड्या फुगलेल्याच असतात, पण रंगावर एवढा जीव टाकणारा दिग्दर्शक होता हे खोटं वाटत नाही. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही मुंबईत आधी सिनेमाचे फलकच रंगवत. फलक रंगवायची रीत अशी: लहान चित्रावर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात फलकावर मोठ्या चौकटी, आणि मग एकेक चौकट भरत जायची. नाकाची चौकट रंगवणाऱ्याला ओठ दिसत नाहीत. पूर्ण चेहरा बघायला परांचीवरून उतरून रस्ता ओलांडावा लागतो.

रस्ता ओलांडून बघणं हाच पोस्टर तपासण्याचा पहिला धडा. ‘मदर इंडिया’ (१९५७) घ्या. डोळे किलकिले करून पाहिलं, की तपशील विरतात आणि दोनच गोष्टी उरतात: बाईचं शरीर आणि तिच्या खांद्यावरचा नांगर. ज्या जनावराच्या मानेवर ते वजन असायचं, तिथे माणूस आहे. नाव झाकलं तरी गोष्ट कळते. ‘शोले’चं (१९७५) उलट. तिथे अक्षरंच नायक आहेत, कातळातून फोडून काढल्यासारखी. चेहरे हलवले तरी चालतील, ती अक्षरं हलवता येणार नाहीत. ‘दीवार’ची पोस्टर करणारे दिवाकर करकरे रंग नुसत्या ब्रशने लावत नसत, सुरीने थापत. त्या खरखरीत फटकाऱ्यांमुळे अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्यावरचा राग भिंतीवरून बाहेर येतो. आणि सत्यजित राय. जाहिरात कंपनीत नोकरी केलेला हा दिग्दर्शक आपली पोस्टर आपणच काढी. ‘देवी’च्या (१९६०) पोस्टरवर एकच चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. सुनेला देवी ठरवणाऱ्या घराची सगळी कथा त्या एका रेघेवर उभी आहे.

अभ्यास करायचा तो असा. आवडलेल्या पोस्टरवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त मोठे आकार काढायचे, चेहरे नाहीत. रंग मोजायचे, चांगल्या पोस्टरमध्ये मुख्य रंग बहुधा तीनच्या पुढे जात नाहीत. डोळा आधी कुठे जातो, मग कुठे, याचे बाण काढायचे. असे दहा सांगाडे वहीत जमले, की आपल्या विषयाला कुठला बसतो ते दिसू लागतं. उचलायचा तो सांगाडा. चित्र उचललं की ती चोरी होते, आणि ती लपतही नाही.

अक्षरांपाशी मात्र मराठी माणसाने जरा थांबावं. हॉलिवूडच्या पोस्टरवर बारीक कॅपिटल अक्षरं लांब लांब पसरलेली दिसतात आणि उत्साही डिझायनर देवनागरीत तेच करतो. मग शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार, अशी दोन्हीकडे जागा लागते. ती न ठेवता ओळी आवळल्या की मजकुराची गर्दी होते. यावरचा मराठी इलाज कमल शेडगे यांनी दाखवला. नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी काढलेली शीर्षकं नाटकाचा स्वभाव सांगत. कुठे अक्षर लवायचं, कुठे अंगावर यायचं. २०२०मध्ये ते गेले. त्यांचं ‘कमलाक्षरं’ हे पुस्तक चाळलं तरी कळतं, की फाँट निवडणं आणि शीर्षक काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याला हात चालवता येत नाही त्याच्यासाठी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘बालू’, ‘मुक्त’ हे फाँट मोफत मिळतात आणि लांबूनही नीट वाचता येतात.

फ्लेक्स आला आणि चौकटी आखणारे हात मोकळे झाले. छपाई स्वस्त झाली तशी पोस्टरवर तोंडांची जत्रा भरली. मराठी सिनेमाचं पोस्टर असो की मार्केटबाहेरचा वाढदिवसाचा फलक, वर एक मोठा चेहरा आणि खाली उतरत्या मानाने पंधरा लहान. हा मानपानाचा हिशेब आहे. त्याला पोस्टर म्हणणं जीवावर येतं. आता तर पोस्टर आधी फोनवर दिसतं, टपाल तिकिटाएवढं. म्हणजे परीक्षा तीच राहिली: पूर्वी अंतर चित्राला लहान करी, आता पडदा करतो. अंगठ्याएवढ्या चौकटीत ‘मदर इंडिया’ अजून वाचता येतो. पंधरा चेहऱ्यांचं पोस्टर फोनवर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं.

जुनी पोस्टर बघायची तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासून. पोस्टरांचा मोठा संग्रह तिथे जपलेला आहे. आणि खोक्यांवरची अक्षरं बघायची तर हंगामात फळ मार्केटात पहाटेच जावं, उजाडल्यावर थप्प्या मोडतात. वही सोबत असू द्या, चपला जुन्या घाला. हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ ओरडला की आधी सरका, पेटी मग बघा.