लाय डिटेक्टर म्हणजे तपास नव्हे!

डोळखांबला आम्ही जयंतीच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. भाषणे संपली होती, सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या. तेवढ्यात जवळच्या वाडीवरचा एक कातकरी बाप आमच्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, पोराला मुंबईला मशीनवर बसवणार म्हणतात. कागदावर सही मागतात. करू द्यू का?"

मुलगा वीटभट्टीवर कामाला होता. भट्टीजवळ एका मजुराचा खून झाला होता आणि खुनी सापडत नव्हता. म्हणून या पोराला रोज सकाळी ठाण्यात बोलवायचे, दिवसभर बाकड्यावर बसवायचे आणि अंधार पडला की सोडायचे, असे चालले होते. मारहाण नव्हती. फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता : "खरा असशील तर मशीनला घाबरतोस कशाला?"

प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. शिकलेली माणसेही त्याला फसतात. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफ, खोटे बोलणे मोजतच नाही. तसे मोजणारे यंत्र अजून जन्माला यायचे आहे. हे यंत्र श्वासाची गती, नाडीचे ठोके, रक्तदाब आणि हाताला सुटणारा घाम एवढेच कागदावर उतरवते. माणूस खोटे बोलला की घाबरतो आणि घाबरला की छाती धडधडते, असे गृहीत धरून तज्ज्ञ निष्कर्ष काढतो. पण छाती फक्त खोटे बोलल्यानेच धडधडते काय? ज्याच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, ज्याच्या वाडीवर चोरी कुठेही झाली तरी आधी पोलीस येतात, त्या कातकरी पोराची छाती खाकी कपडा पाहूनच धडधडते. तो खरे बोलत असला तरी यंत्राची सुई नाचणार. उलट निर्ढावलेला गुन्हेगार थंडपणे उत्तरे देऊन घरी जाणार.

हा आमचा केवळ तर्क नाही. अमेरिकेत गॅरी रिजवे नावाचा माणूस 1984 मध्ये ही चाचणी पास झाला. 2001 मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून तो पकडला गेला आणि 2003 मध्ये त्याने 48 स्त्रियांच्या खुनांची कबुली दिली. ज्या अमेरिकेत हे यंत्र वाढले, तिथल्याच न्यायालयाने 1923 मध्ये, फ्राय नावाच्या कृष्णवर्णीय आरोपीच्या खून खटल्यात, असल्या चाचणीचा पुरावा घ्यायला नकार दिला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 मध्ये सगळे संशोधन तपासले आणि या चाचणीचा शास्त्रीय पाया कमकुवत असल्याचे सांगितले. आपण मात्र परदेशात संशयास्पद ठरलेली वस्तू 'आधुनिक तपास' म्हणून डोक्यावर घेतो.

आपल्या महाराष्ट्राने तर यात पुढचा नंबर लावला. 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेलगी प्रकरणात या चाचण्या सक्तीने करायला हरकत नाही असा निकाल दिला. मग नार्को, ब्रेन मॅपिंग, लाय डिटेक्टर यांचे पेव फुटले. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना मेंदूच्या चाचणीचा अहवालही पुरावा म्हणून धरला. जगभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने मेंदूची ही चाचणी अशास्त्रीय असल्याचा अहवाल दिला. आणि देशभरातील आरोपींच्या नार्को चाचण्या घेणाऱ्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतील अधिकारी बाईंना 2009 मध्ये खोट्या कागदपत्रांवरून नोकरीतून काढण्यात आले. खरे-खोटे ठरवणाऱ्यांचीच ही गत!

अखेर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात लगाम घातला. त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, या देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश. निकाल स्वच्छ आहे. कोणाचीही, मग तो आरोपी असो, संशयित असो की साक्षीदार, त्याच्या मर्जीविरुद्ध ही चाचणी करता येणार नाही. तसे करणे हा संविधानाच्या कलम 20(3) आणि कलम 21 चा भंग आहे. संमतीने चाचणी झाली तरी तिचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. तिच्या मदतीने पुढे एखादी वस्तू सापडली तरच तेवढ्यापुरता उपयोग.

आणि संमती म्हणजे ठाण्यातल्या कोऱ्या कागदावरचा अंगठा नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 साली घालून दिलेले नियम न्यायालयाने बंधनकारक केले. त्या माणसाला वकील मिळाला पाहिजे. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम त्याला समजावून सांगितले पाहिजेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली पाहिजे. त्याला किती वेळ अडकवून ठेवले, कशी चौकशी केली, हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी पाहिले पाहिजे. चाचणी पोलिसांनी नव्हे, स्वतंत्र यंत्रणेने आणि वकिलाच्या हजेरीत घेतली पाहिजे. 9 जून 2025 रोजी न्या. संजय करोल आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने बिहारच्या एका प्रकरणात पुन्हा हेच बजावले. त्यात उच्च न्यायालयाने जामिनाच्या टप्प्यावर सर्व आरोपींच्या नार्को चाचणीची पोलिसांची तयारी मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले.

आता एक कडू गोष्ट आम्हाला आपल्याच लोकांना सांगायची आहे. आपल्या माणसाचा खून झाला की आपण मोर्चा काढतो आणि निवेदनात एक मागणी हमखास घालतो : 'आरोपींची नार्को टेस्ट करा.' ही मागणी आम्हीही लिहिली आहे, सही करून दिली आहे. राग खरा असतो, पण मागणी चुकीची असते. कारण ती तपास यंत्रणेला पळवाट देते. चाचणीची तारीख घ्यायची, अहवालाची वाट पाहायची, वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायच्या. आणि तोवर रक्ताचे डाग धुतले जातात, साक्षीदार फोडले जातात, गावावर दहशत बसते.

जवखेडे खालसा आठवा. ऑक्टोबर 2014 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात आई, बाप आणि तरुण मुलगा अशा तिघांची निर्घृण हत्या झाली. महाराष्ट्र पेटला. रोज लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग, नार्को हेच शब्द छापून येत होते. डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्याच घराण्यातील नातेवाइकांना अटक केली. लगेच आंबेडकरी चळवळीची टिंगल सुरू झाली, ॲट्रॉसिटी कायदाच रद्द करा अशी ओरड झाली. पुढे 2022 मध्ये ते आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले. मग त्या तिघांना मारले कोणी? टिंगल करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही आणि सरकारनेही नाही.

नाशिकजवळचे 2003 चे प्रकरण याहून भयंकर आहे. एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या समाजातील सहा गरीब माणसांना पकडण्यात आले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चार जणांचे फोटो ओळखले होते. पण त्या चौघांचा तपास केला गेला नाही आणि तो जबाबही दडवला गेला. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षे गेली ती गेलीच. या प्रकरणात तपासासाठी कोणतेही यंत्र लागणार नव्हते. एका बाईने सांगितलेले ऐकायला फक्त कान हवे होते.

आणि खैरलांजी? 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले. सुरुवातीचा तपास ढिसाळ झाला, शवविच्छेदनात हेळसांड झाली, पुरावे हातचे गेले. शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. भैयालाल भोतमांगे 2017 मध्ये ही सल घेऊनच गेले. पहिल्या दिवशी बुडवलेला तपास नंतर कोणतीही चाचणी वर काढू शकत नाही.

म्हणून मागायचेच तर हे मागू या. गुन्ह्याच्या जागी त्याच दिवशी न्यायवैद्यक पथक आले पाहिजे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तशी तरतूद 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. राज्याने ती खेड्यापाड्यापर्यंत पोचवावी. झडती-जप्तीचे चित्रीकरण मागा. डीएनए, रक्त, फोन कॉलचा तपशील मागा. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकानेच केला पाहिजे, हवालदाराने नव्हे, हा आग्रह धरा. साक्षीदारांना कलम 15-अ प्रमाणे संरक्षण मागा. खर्डा येथील कोवळ्या मुलाच्या 2014 मधील हत्येच्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि 2017 मध्ये आरोपी सुटले. हा धडा आपण विसरता कामा नये.

काही जण विचारतील, कलम 20(3) ने गुन्हेगारालाच संरक्षण मिळत नाही काय? मिळते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात बहुतेक वेळा कोण उभा असतो, ते कोणत्याही तालुका कोर्टात तासभर बसून पाहा. तोंड उघडायला लावण्याची ताकद ज्याच्या हातात, न्याय त्याच्या हातात, ही गावगाड्याची रीत होती. बाबासाहेबांच्या संविधानाने ती मोडली. बुद्धाने कालामांना सांगितले की कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. आपण यंत्रापुढेही तीच बुद्धी वापरली पाहिजे.

त्या कातकरी बापाला आम्ही सांगितले, "बाबा, सही करू देऊ नका. नकार दिला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही." दुसऱ्या दिवशी मुलाच्या नावाने लेखी अर्ज दिला : चाचणीस संमती नाही, चौकशी करायची असल्यास रीतसर लेखी बोलवावे, वकिलासह हजर राहू. त्यानंतर त्याला बोलावणे आले नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे डोळखांब, शहापूर, मुरबाडच्या प्रत्येक वाडीवर आणि प्रत्येक विहारात आपल्या कार्यकर्त्यांनी सांगितले पाहिजे.

पण समाधान मानावे असे यात काही नाही. भट्टीवर मारला गेलेला तो मजूरही आदिवासीच होता. त्याची बायको अजून विचारते, माझ्या माणसाला कोणी मारले? एका गरिबाच्या पोराला यंत्रावर बसवून दुसऱ्या गरिबाच्या विधवेला उत्तर मिळत नसते. त्यासाठी चिखलात उतरून तपास करावा लागतो. तो करायला भाग पाडणे हे आपले काम आहे.

जयभीम!