दहा हजारांचे चाळीस

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दुकानात आपण कार्डाचा पिन दाबतो. चार अंक, म्हणजे चोराला फार तर १०,००० प्रयत्न. आता समजा, पिन तपासणारी चिप पहिला अंक चुकला की तिथेच थांबते आणि बरोबर असला तर पुढच्या अंकाकडे वळते. बरोबर अंकाला वेळ किंचित जास्त लागणार. तो वेळ मोजणाऱ्याला प्रत्येक अंकासाठी १० प्रयत्न पुरतात. चार अंकांना ४०. चिपचं एकही उत्तर चुकलेलं नाही, तरी पिन फुटला.

मग चिप बाजारात येण्याआधी सगळ्या शक्यता तपासून का घेत नाहीत? आयआयटी मुंबईने घडवलेला, २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘अजित’ प्रोसेसर ३२ बिटांचा आहे. ३२ बिटांच्या दोन संख्यांची नुसती बेरीज घ्या. जोड्या होतात १८४ वर १७ शून्यं इतक्या. सेकंदाला १ अब्ज जोड्या तपासल्या तर ५८४ वर्षं लागतील. पंधराव्या शतकाच्या मध्यावर सुरू केलेलं हे काम १६३० चा शिवजन्म आणि १८१८ चा पेशवाईचा अस्त मागे टाकून आत्ता कुठे संपत आलं असतं. तेही फक्त बेरजेचं!

सुरक्षेचा हिशोब याहून अफाट. एईएस कूटलेखनाची मोठी किल्ली २५६ बिटांची असते. तिच्यासोबत आणखी १० बिट धरले की चिपच्या संभाव्य अवस्था १ वर ८० शून्यांपुढे जातात. दृश्य विश्वातल्या अणूंचा अंदाज साधारण तेवढाच आहे. एवढ्या अवस्थांत किल्लीचं गुपित कुठेच फुटत नाही हे एकाच चिपकडे पाहून कळत नाही. दोन प्रती शेजारी मांडायच्या, बाहेरून तोच डेटा द्यायचा, आत किल्ल्या वेगळ्या ठेवायच्या. अट एकच: ‘काम झालं’ हा संकेत दोन्हीकडे घड्याळाच्या एकाच ठोक्याला आला पाहिजे. बिट दुप्पट झाले, शून्यं १६० झाली.

इथे मोजणी सोडून सिद्धतेकडे वळावं लागतं. (अ + ब)² चं सूत्र आपण एकेक संख्या घालून तपासत नाही, तसंच. संगणकशास्त्रज्ञ रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये तर्कसूत्रं आटोपशीर आकृत्यांत मांडायची रीत दिली. त्याच रीतीने १९९० पर्यंत संगणकशास्त्रज्ञ एडमंड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १ वर २० शून्यं इतक्या अवस्था एकगठ्ठा हाताळून दाखवल्या.

पण सिद्धता विचारलेल्या प्रश्नाचीच मिळते. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ या प्रोसेसरमधल्या त्रुटीत उत्तरं बरोबरच होती, कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीच्या) वेळेतल्या फरकातून मात्र कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी वाचता येत होती. ‘वेळेवरून काही कळता कामा नये’ ही अट आधी लिहिणं, मला वाटतं, सिद्धतेहूनही अवघड आहे.

सुरुवातीच्या त्या गंगापूर रोडवरच कर्मवीर बाबूराव ठाकरे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि नाशिकमधल्या इतर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना एक विनंती: अशा सिद्धतेला मदत करणारी ‘योसिस’सारखी साधनं मोफत मिळतात. पुढचं सर्किट काढण्याआधी, त्यातून काय बाहेर जाता कामा नये ते एका ओळीत लिहून काढा, आणि मग ते सिद्ध करायला बसा.