सहा क्युबिट आणि एक कडे

क्वांटम संगणकाच्या बातमीत आकडा एकच असतो : क्युबिट (क्वांटम बिट) किती? ऑगस्ट 2024 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अतिसंवाहक क्युबिटांच्या प्रोसेसरची अथपासून इतिपर्यंत चाचणी पूर्ण झाली, तेव्हा मथळ्यांत 'सहा' हाच आकडा होता. परदेशांत शंभरांवर क्युबिटांची यंत्रे चालू असताना सहाचे काय कौतुक, असे वाटणे साहजिक आहे. कौतुकाची गोष्ट चाचणीविषयीच्या अधिकृत निवेदनाच्या एका उपवाक्यात दडली होती : प्रोसेसरची मांडणी टीआयएफआरमध्येच शोधलेल्या रिंग रेझोनेटरवर आधारलेली आहे.

यातला क्युबिट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा ठेवून केलेले विद्युत मंडल. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांश भागांइतक्याच तापमानात ते अणूसारखे वागते. अशा मंडलांतही ऊर्जेच्या पायऱ्या दिसतात, हे क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी 1980 च्या दशकात बर्कलीत दाखवले. त्याचे नोबेल 2025 मध्ये मिळाले. टीआयएफआरचा क्युबिट गट उभा करणारे आर. विजयराघवन हे येलमध्ये याच डेव्होरे यांचे विद्यार्थी होते.

खरी अडचण क्युबिट घडवून संपत नाही. दोन क्युबिटांमध्ये क्रिया करायची तर त्यांच्यात थेट जोडणी हवी, आणि सपाट चकतीवर ती बहुधा शेजाऱ्याशीच जमते. गूगलच्या सायकमोर चिपवरील चौकटीत एका क्युबिटला जास्तीत जास्त चार शेजारी आहेत. आयबीएमच्या षट्कोनी जाळीत दोन किंवा तीन. सहा क्युबिट एका ओळीत असले आणि पहिल्याचे काम सहाव्याशी पडले, तर पंगतीतल्या दोन टोकांच्या माणसांसारखी त्यांची गत होते : बोलण्याआधी मधल्यांशी जागा बदलत जावे लागते. अशी एक अदलाबदल म्हणजे दोन क्युबिटांमधल्या तीन 'सीनॉट' क्रिया. चार अदलाबदली म्हणजे बारा, त्याही मूळ कामाला हात घालण्यापूर्वीच. प्रत्येक क्रिया शंभरात एकदाच चुकते असे धरले, तरी बाराच्या बारा बिनचूक होण्याची शक्यता 89 टक्क्यांच्या आसपास उरते.

हे ओझे येऊन पडते सॉफ्टवेअरवर. प्रोग्रॅम लिहिणारा आपले क्वांटम मंडल कागदावरच्यासारखे, कोणालाही कोणाशीही जोडून लिहितो. कंपायलर त्याचे त्या यंत्राला येणाऱ्या मोजक्या क्रियांत रूपांतर करतो, कागदावरचा कोणता क्युबिट चकतीवरच्या कोणत्या जागी बसवायचा ते ठरवतो आणि कमीत कमी अदलाबदलींची वाट शोधतो. क्युबिट वाढले की सर्वांत चांगली वाट शोधणे संगणकशास्त्रातल्या कुख्यात अवघड प्रश्नांत जाऊन बसते. अंदाजाने पुरेशी बरी वाट काढण्यावर भागवावे लागते. त्यानंतर प्रत्येक क्रियेसाठी सूक्ष्मलहरींचे स्पंद, त्यांच्या वेळा, मापन. आणि उत्तर संभाव्यतेच्या रूपात येते म्हणून हेच सारे शेकडो-हजारो वेळा. क्युबिटांची वारंवारता कालांतराने सरकते, त्यामुळे यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घेणे हेही सॉफ्टवेअरच्याच गळ्यात.

टीआयएफआरच्या गटाने प्रश्न उलट बाजूने धरला. सुमेरू हाजरा, किशोर साळुंखे, मेघन पाटणकर, विजयराघवन आदींचा शोधनिबंध 2021 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू अप्लाइड'मध्ये आला. त्यात एक गोल अनुस्पंदक (रिंग रेझोनेटर) आहे आणि त्याच्या परिघावर सारख्या अंतराने क्युबिट बसवले आहेत. कोणत्याही दोघांमधला प्रभाव कड्याच्या दोन्ही अंगांनी पोचतो. दोन वाटांची बेरीज होते, म्हणून कुठे जोडणी भक्कम होते आणि कुठे दोन्ही वाटा एकमेकींना खोडतात. बारा क्युबिट मावतील अशा चिपवर प्रत्येकाला उरलेल्या अकरांपैकी नऊ जणांशी जोडता येते. चकती सपाटच राहते, घडवण्याची कटकट वाढत नाही. अर्थात जवळपास सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध आला की नको ते संबंधही येतात : एकाला दिलेला स्पंद दुसऱ्याला हलकेच ढळवू शकतो आणि वारंवारता दाटीवाटीने वाटाव्या लागतात. तरीही क्युबिटांच्या शर्यतीपेक्षा ही कल्पना अधिक मोलाची आहे.

जोडण्यांचा हा प्रश्न महाराष्ट्राला तसा नवा नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक उभा केला, तो 64 ट्रान्सप्युटर प्रोसेसरांचा होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरला बाहेर जाणारे दुवे मोजून चार. म्हणून जोडण्यांचे जाळे कामाप्रमाणे बदलता येईल असे ठेवले गेले आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी 'पारस' हे सॉफ्टवेअरचे वातावरण सोबत घडवले गेले. त्या यंत्राचा इतिहास सांगताना वेगाचे आकडे आणि अमेरिकेने नाकारलेला क्रे महासंगणक सांगितला जातो. जाळे आणि पारस तळटीपेत जातात.

कुलाब्याच्या चाचणीत कामाची वाटणी तिघांत होती. क्युबिटांची रचना आणि घडण टीआयएफआरची. नियंत्रण व मापनाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने जुळवली, काही बाजारात मिळणारी उपकरणे आणि काही स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड वापरून. क्लाउडवरचा इंटरफेस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा. या इंटरफेसवरून मंडल पाठवले, ते यंत्रावर चालले आणि उत्तर इंटरफेसवर परत आले. आयबीएमने मे 2016 मध्ये पाच क्युबिटांचे यंत्र असेच क्लाउडवर खुले केले, तेव्हापासून उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत बसलेल्या विद्यार्थ्यालाही न्यूयॉर्कमधल्या यंत्राकडे काम पाठवणे शक्य झाले. कुलाब्याचे यंत्र मात्र प्रात्यक्षिकाच्या टप्प्यावर होते. निवेदनात पुढचे काम म्हणून यंत्रणेची कामगिरी सुधारणे नमूद होते.

एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनने 6003.65 कोटी रुपयांच्या तरतुदीसह आठ वर्षांत 50 ते 1000 क्युबिटांच्या यंत्रांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे आहे, तर मुंबई आयआयटीकडे क्वांटम संवेदन आणि मापन.