रात्रीचा थेंब आणि चार चौकटी

भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगाची तपासणी रात्री चालते. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर फिरतात. म्हणून आरोग्य पथक रात्री आठनंतर दारोदार जातं. दिवसभर धानाच्या बांधीत राबून आडव्या झालेल्या माणसाला उठवायचं, बोट स्पिरिटनं पुसायचं, सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा जाडसर लेप द्यायचा. काचपट्टीवर जो क्रमांक, तोच नोंदवहीत. वाळलेला लेप नंतर पाण्यात धरला की तांबडेपणा उतरतो. मग गीम्सा रंग, मग सूक्ष्मदर्शक.

उत्तर दोनच प्रकारचं: जंतू आहे किंवा नाही.

नोंदवहीत 'मच्छरदाणीत झोपता का?' हा रकाना असेल, तर दोन्ही उत्तरं मिळून चार चौकटी होतात. समजण्यासाठी आकडे कल्पनेतले घेऊ. मच्छरदाणीतले 200, बाहेरचे 200. पहिल्यांत 6 जणांना जंतू, दुसऱ्यांत 14 जणांना. दुपटीहून जास्त! गावसभेत सांगायला एवढं पुरे वाटेल. पण संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं 1900 साली मांडलेली काय-वर्ग चाचणी आधी विचारते, दोहोंचा काही संबंधच नसता तर काय दिसलं असतं? दोन्हीकडे 10-10 रुग्ण. प्रत्येक चौकटीतल्या फरकाचा वर्ग अपेक्षित आकड्यानं भागून बेरीज केली की 3.37 येते. चार चौकटींसाठी रूढ मर्यादा 3.84. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तेच प्रमाण 800 माणसांत दिसलं, तर बेरीज 6.74 होते आणि मर्यादा ओलांडते. एखाद्या चौकटीत अपेक्षित आकडा पाचाखाली गेला, तर फिशरची अचूक चाचणी वापरणं बरं.

खरी अडचण मात्र गणिताच्या आधीची आहे. ही चाचणी प्रत्येक थेंब स्वतंत्र धरते. एका खोलीत झोपणाऱ्या पाच जणांना तेच डास चावतात, त्यांचे पाच थेंब स्वतंत्र कसे? त्यामुळे हिशेबात घराची नोंदही धरावी लागते. शिवाय मच्छरदाणी वापरणारी घरं तुंबलेल्या गटारापासून लांब असली, तर श्रेय मच्छरदाणीचं की जागेचं, हे चार चौकटी सांगू शकत नाहीत. त्यासाठी गटाराचाही रकाना हवा. तो नोंदवहीत नसेल, तर नंतर कुठल्याच सूत्रानं भरून निघत नाही.

रक्तात जंतू असलेल्या अनेकांना कसलाही त्रास जाणवत नाही. म्हणून रात्री पथक दारात आलं, तर 'मला काही झालं नाही' म्हणून परत पाठवू नका. बोट पुढे करा आणि विचारलेली माहिती खरी सांगा.