कमानीत जादा पाटा टाकण्यापूर्वी

ज्या घराची रोजीरोटी एका जुन्या पिकअपवर चालते, त्या घरात ती गाडी म्हणजे एक कमावती व्यक्तीच असते. पहाटे ती भाजी घेऊन मंडईत जाते, दुपारी विटा-सिमेंट वाहते, लग्नसराईत मंडपाचे सामान नेते. ती एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची मिळकत बुडते आणि दुरुस्तीचा खर्च वर अंगावर येतो. म्हणून गाडी आदळू लागली, एका बाजूला झुकू लागली किंवा तिचे स्टिअरिंग थरथरू लागले, तर तो प्रश्न एकट्या चालकाचा राहत नाही, साऱ्या घराचा होतो. हा लेख चालक बंधूंसाठी आहे, तसाच गाडीचा जमाखर्च वहीत लिहून ठेवणाऱ्या भगिनींसाठीही आहे.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : “मागे एक जादा पाटा टाकून घ्या, गाडी उचलेल.” गाडी उचलते हे खरे. पण ज्या कारणाने ती बसली होती, ते कारण तसेच राहते आणि त्यात नवे दुखणे भर घालते. ताप का आला हे न पाहता औषध द्यावे, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा आधी कारण शोधावे, तेही कमी खर्चाच्या तपासणीपासून सुरू करून.

कोणता भाग काय काम करतो?

पिकअपच्या मागच्या बाजूला साधारणपणे पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. पुढे काही गाड्यांत कमानी असतात, काहींत कॉइल स्प्रिंग, तर काहींत टॉर्शन बार. कमानीतले पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात आणि यू बोल्टने ती कमान ॲक्सलवर आवळलेली असते. कमानीचे एक टोक चॅसिसला पक्के असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला असते, कारण वजन पडले की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. ही वाढ सामावून घेणे हे शॅकलचे काम. तो गंजून जाम झाला, तर कमान कितीही चांगली असली तरी गाडी दगडासारखी आदळते.

वजन पेलते ती कमान. शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात, तो वजन पेलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर कमान पुन्हा पुन्हा उसळू लागते, ती उसळी जिरवणे एवढेच त्याचे काम. हा फरक ध्यानात ठेवला तर बरेच पैसे वाचतात. गाडी बसली असेल तर नवा शॉकअप तिला उचलणार नाही, आणि गाडी उसळत असेल तर जादा पाट्याने ती उसळी थांबणार नाही.

पहिली तपासणी : हवा आणि टायर

गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना हवा मोजावी. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेले असते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांचे आकडे बहुधा वेगळे असतात. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवली तर मागची बाजू उड्या मारणारच. तो कमानीचा दोष नव्हे.

त्यानंतर टायरवरून हात फिरवावा. झिजलेला टायर बरेच काही सांगून जातो. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. एकच कड खाल्ली असेल तर चाकाची दिशा किंवा कल बिघडला आहे, अथवा पुढचे सांधे ढिले झाले आहेत. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप निकामी झाला असण्याची किंवा चाकाचा तोल गेला असण्याची शक्यता धरावी. कायद्याप्रमाणे चारचाकी गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. त्याखाली गेलेला टायर पावसात रस्ता धरत नाही.

दुसरी तपासणी : गाडी झुकते का?

गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी. शिंप्याच्या टेपने चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. एका बाजूला ते ठळकपणे कमी भरले, तर त्या बाजूची कमान बसली आहे किंवा तिचा पाटा मोडला आहे. पुढे टॉर्शन बार असेल तर त्या बाजूचा बार सैल झालेला असू शकतो. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी उंच करता येते, पण गरजेपेक्षा जास्त आवळली तर पुढची बाजू ताठ होते आणि चाकांची दिशाही बदलते.

आता पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. त्यात ठळक फरक आढळला तर मागचा ॲक्सल सरकला असावा. यू बोल्ट ढिले राहिले की सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि ॲक्सल जागा सोडतो. अशी गाडी मागून पाहिली तर तिरकी चालताना दिसते. सरळ जाण्यासाठी चालकाला स्टिअरिंग सतत थोडे वळवून धरावे लागते. असे दिसल्यास गाडी कामावर न काढता आधी दुरुस्त करावी.

तिसरी तपासणी : बॅटरी घेऊन गाडीखाली

गाडीखाली जाण्यापूर्वी हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. चॅसिसखाली भक्कम स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे दिल्याशिवाय डोकेसुद्धा आत घालू नये.

प्रत्येक पाटा टोकापासून टोकापर्यंत पाहावा. पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ किंवा यू बोल्टच्या कडेला मोडतो आणि चिखलाखाली ती चीर दिसत नाही. म्हणून कमान आधी धुऊन घ्यावी. गंजाची बारीक आडवी रेघ किंवा बाजूला सरकलेला पाटा दिसला तर समजावे. यू बोल्टच्या नटाभोवती ताजा लालसर गंज आणि घासल्याची चमक दिसली, तर तो ढिला झाला आहे. कमानीच्या डोळ्यातला रबरी बुश फाटून बाहेर आला असेल, तर प्रत्येक खड्ड्यावर ‘ठक्’ असा आवाज येतो. क्लच सोडताना मागून ‘ठक्’ येत असेल, तर बुशबरोबर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही तपासावा. दोन्हींचा आवाज सारखाच वाटतो.

शॉकअपवर तेलाचा पुसट थर असणे वेगळे आणि तेल ओघळणे वेगळे. ओघळत असेल तर तो संपला. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते हे पाहण्याची रीत मोटारगाडीला ठीक आहे. पिकअपच्या मागच्या ताठ कमानींवर ती फारसे सांगत नाही. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि शॉकअपजवळ हाताची मागची बाजू जपून न्यावी. उसळी जिरवताना तेल तापते, म्हणून काम करणारा शॉकअप गरम लागतो. एक गरम आणि त्याचा जोडीदार थंड लागला, तर थंड असलेला काम करत नाही.

स्टिअरिंग थरथरते तेव्हा

ठराविक वेगाला थरथर सुरू होऊन वेग बदलताच ती कमी होत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. तो स्वस्त उपाय आहे. पण खड्ड्यावरून गेल्याबरोबर स्टिअरिंग हातातून सुटेल इतके डावी-उजवीकडे फडफडत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. त्या क्षणी जोरात ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी कडेला घ्यावी.

याची तपासणी दोघांनी मिळून करावी. पुढचे चाक जमिनीपासून थोडे उचलून आधार द्यावा. एकाने चाक वर आणि खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवल्यावर खेळ असेल तर टायरॉड एंड आणि स्टिअरिंगचे सांधे पाहावेत. हे सांधे ढिले असताना व्हील अलाइनमेंट करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण ते टिकतच नाही. आधी झिजलेले भाग बदलावेत, मग अलाइनमेंट करावे.

पुष्कळ गाड्यांच्या पुढे लिंबू-मिरची लटकलेली दिसते. झिजलेल्या किंगपिनला तिचा काही उपयोग नाही. त्याला नवा किंगपिनच लागतो.

जादा पाट्याची खरी किंमत

आता त्या सल्ल्याकडे वळू. जादा पाटा टाकला की कमान ताठ होते. रिकाम्या फेरीत मागची चाके रस्त्यावर नीट टेकत नाहीत, हादरे चॅसिसला आणि चालकाच्या कमरेला बसतात, कमानीच्या ब्रॅकेटजवळ चॅसिसला चिरा जाऊ शकतात. याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून तो वजनाचा अंदाज घेतो आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यामुळे भरलेला हौदाही उंचच राहतो. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे आणि तो मागच्या ब्रेकला दाब कमी देतो. म्हणजे ज्या वेळी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच वेळी तो अपुरा पडतो. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय जादा पाट्याने गाडीची क्षमता वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सारे पूर्वीचेच असतात. क्षमता किती ते आर.सी. बुकावरून घरीच काढता येते. समजा, रिकाम्या गाडीचे वजन १,६०० किलो आणि भारासह मंजूर एकूण वजन २,८०० किलो आहे. फरक आला १,२०० किलो. त्यातून चालक आणि सोबत्याचे १३० किलो वजा केले तर उरले १,०७०. पन्नास किलोची कांद्याची गोणी धरली तर एकवीस गोण्या झाल्या. बाविसावी गोणी कमानीच्या आणि पोराबाळांच्या जिवावर चढते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. किती फेऱ्यांचे भाडे त्यात जाते, हे वहीत मांडून पाहावे.

माल कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. जड माल मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे रचला तर पुढची बाजू हलकी होते आणि स्टिअरिंग हलके लागून गाडी भरकटते. जड वस्तू खाली आणि केबिनच्या बाजूला घ्याव्यात.

दुरुस्ती करून घेताना

मोडलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नये. कमानीच्या पोलादाला कारखान्यात तापवून पाणी दिलेले असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरते आणि पाटा वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा मोडतो. कमान आणि शॉकअप एका ॲक्सलवर जोडीनेच बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी पुन्हा झुकते किंवा ओढते. कमान बदलताना यू बोल्टही नवे घालावेत आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत. हे दुसऱ्यांदा आवळणे बहुतेकजण विसरतात आणि तिथेच सेंटर बोल्ट तुटण्याची सुरुवात होते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर पूर्ण वजनाने उभी असतानाच शेवटचे आवळावेत. गाडी उचललेली असताना आवळले तर रबर पिळवटलेले राहते आणि लवकर फाटते. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस चालते, पण रबरी बुशला तेल-ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगून खराब होते.

मिस्त्रीला काम सांगताना “कमान बघा” असे मोघम बोलू नये. आवाज कुठल्या बाजूने येतो, रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या, कोणत्या वेगाला, वळताना की ब्रेक मारताना, हे कागदावर लिहून न्यावे. काढलेला जुना भाग दाखवायला सांगावे. असे विचारण्यात कोणताही अपमान नाही. चांगल्या मिस्त्रीला असा गिऱ्हाईक आवडतो, कारण त्याचाही वेळ वाचतो.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. ती तारीख जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा महिन्यातला एक रविवार सकाळचा तासभर गाडीसाठी राखावा. टेप, बॅटरी, हवेचा गेज आणि एक वही एवढेच साहित्य पुरते. मोजलेली अंतरे, बदललेले भाग आणि झालेला खर्च तारखेसह वहीत लिहावा. पुढच्या महिन्यात एखादा आकडा बदललेला दिसला, की पाटा मोडण्याआधीच दुरुस्ती करता येईल.