संगणकावरून उठण्याआधी



गटाचं काम आता नुसत्या वहीवर भागत नाही. कर्जाचा अर्ज, आधारची प्रत, खात्याचा उतारा, सगळ्यासाठी संगणक लागतो. तो काही प्रत्येकीच्या घरी नसतो. ग्रामसंघाच्या खोलीत एकच असतो, नाहीतर सेवा केंद्रात जावं लागतं. आपण उठलो की त्याच खुर्चीत दुसरं कोणी बसतं. म्हणून उठण्याआधी काय आवरायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

क्रोम, एज, फायरफॉक्स, ज्यातून आपण इंटरनेट बघतो, त्यांना ब्राउझर म्हणतात. पान उघडलं की त्यातली चित्रं वगैरे ब्राउझर संगणकातच ठेवून घेतो. रोजचं मीठ-तिखट आपण ओट्यावर हाताशी ठेवतो ना, तसंच. त्याला कॅशे म्हणतात. त्यामुळे पुढच्या वेळी पान लवकर उघडतं. दुसऱ्या असतात कुकीज. गिरणीत दळणाच्या डब्यावर नावाची चिठ्ठी असते, तशी ही चिठ्ठी. तिच्यावरून संकेतस्थळ आपल्याला ओळखतं आणि पुन्हा पासवर्ड विचारत नाही. तिसरी हिस्टरी, म्हणजे आपण बघितलेल्या पानांची यादी.

स्वतःच्या संगणकावर ही सोयच आहे. पण चारचौघांच्या संगणकावर ती चिठ्ठी मागे राहिली, तर पुढच्या माणसाला आपला ईमेल उघडाच सापडू शकतो. त्यात दहा जणींची आधारकार्डं असतील, तर प्रश्न आपल्या एकटीचा राहत नाही.

तर क्रम असा ठेवायचा.

आधी लॉगआउट करा. नुसती खिडकी बंद केली म्हणजे खातं बंद झालं असं नाही. व्हॉट्सॲप संगणकावर उघडलं असेल, तर आपल्या फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तो संगणक काढून टाका.

मग उतरवलेल्या फाइली बघा. कंट्रोल धरून जे दाबलं की त्यांची यादी दिसते. यादीतून नाव काढलं तरी फाइल संगणकात राहू शकते. म्हणून ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडा, आपलीच फाइल पुसा आणि रिसायकल बिनमधूनही ती काढा. पुढची पायरी ही फाइल पुसत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पुष्कळ जणी इथेच फसतात.

शेवटी कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबा. एक खिडकी उघडेल. हिस्टरी, कुकीज आणि कॅशे या तिघांपुढे खूण करा. वर किती वेळाचं पुसायचं ते विचारलेलं असतं. संगणक दुसऱ्याचा असेल, तर आपण बसलो तेवढ्याच वेळाचं निवडा, म्हणजे त्यांच्या कामाला धक्का लागत नाही. गटाचा स्वतःचा असेल, तर महिन्यातून एकदा सगळ्या काळाचं पुसा.

पासवर्ड जतन करू का, असं ब्राउझर मध्येच विचारतो. सामायिक संगणकावर त्याला नाहीच म्हणायचं.

हे पुसल्याने आपला ईमेल किंवा भरलेला अर्ज जात नाही. तो त्या त्या संकेतस्थळाकडे असतो. पुढच्या वेळी पान उघडायला जरा वेळ लागेल आणि पासवर्ड पुन्हा टाकावा लागेल, इतकंच. उलट फायदाही आहे. कधी अर्जाचं पान अर्धवट दिसतं, नाहीतर जुनीच माहिती दाखवत राहतं. कॅशे पुसला की पुष्कळदा ते सुधारतं. थोडी जागाही मोकळी होते.

पुढच्या बैठकीत एक काम करूया. लॉगआउट, फाइली, तीन बटणं, एवढं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवूया. जिला वाचायला जड जातं, तिला शेजारी बसवून दोनदा करून दाखवूया. तिजोरीची किल्ली आपण कुलपात ठेवून येत नाही. हेही तसंच सवयीचं होईल.