स्कूबाची बॅकप्लेट: एक टाकी की दोन, स्टील की ॲल्युमिनियम?

तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेल्या मित्राचा फोटो जरा झूम करून बघा. पाठीवर टाकी दिसते, पण ती कशाला अडकवलीय ते दिसत नाही. बहुतेक वेळा ते हवा भरायचं जॅकेट असतं. कोर्स करून स्वतःचं सामान घ्यायची वेळ आली, की मात्र दुसरा पर्याय समोर येतो, तो म्हणजे बॅकप्लेट. आम्हा पंढरपूरकरांना समुद्र लांब, त्यामुळे दुकानात हाताळून बघणं जमत नाही, सगळा शोध मोबाईलवर. तिथे स्पेसिफिकेशन ढीगभर मिळतात, त्यामागचं 'का' मिळत नाही. तेच आज बघू.

जॅकेट म्हणजे लॅपटॉप समजा आणि बॅकप्लेट म्हणजे असेंबल्ड पीसी. साधारण ३ मिलिमीटर जाडीचा, मधे वाकवलेला धातूचा पत्रा. त्यातून ओवलेला २ इंची पट्टा खांद्यावरून आणि कमरेभोवती येतो. पत्रा आणि टाकी यांच्या मधे हवेची पिशवी बसते, तिला विंग म्हणतात. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हर्सनी ही रचना रूढ केली. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा.

आता खरा प्रश्न, धातू कुठला? स्टेनलेस स्टीलची प्लेट साधारण २.७ किलोची, तशीच ॲल्युमिनियमची ०.९ किलोची. आकार सारखा, म्हणजे दोन्ही पाणी सारखंच बाजूला सारतात, जेमतेम पाव ते तृतीयांश लिटर. आर्किमिडीज आठवा: तेवढं वजा केलं तर पाण्याखाली स्टीलची प्लेट सुमारे २.४ किलोने खाली ओढते आणि ॲल्युमिनियमची अर्ध्या-पाऊण किलोने.

एक टाकी

हवेला वजन असतं, हे आपण विसरतो. डायव्हिंगमध्ये सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी २०० बारला भरली, की आत जवळपास २,२०० लिटर हवा मावते. तिचं वजन अडीच किलोच्या पुढे. म्हणून भरलेली टाकी समुद्रात साधारण पाऊण किलोने बुडते, आणि पूर्ण रिकामी झाली तर दोनेक किलोने वर ओढते. डाइव्हच्या शेवटी, ५ मीटरवर थांबायचं असतं नेमकं तेव्हाच, तुम्ही बुचासारखे वर निघता. हे टाळायला कमरेला शिसं बांधतात. स्टीलची प्लेट त्यातलं बरंचसं शिसं कमी करते, आणि वजन कमरेवर न लटकता पाठीवर पसरतं. म्हणून आपल्याकडच्या कोमट पाण्यात, पातळ वेटसूट आणि एक ॲल्युमिनियमची टाकी असेल तर मी स्टीललाच मत देईन. विमानाने अंदमानला जाणाऱ्यांनी ॲल्युमिनियम घ्यावी, १५ किलोच्या बॅगेत पावणेदोन किलो वाचतात. शिसं तिथे भाड्याने मिळतं.

टाकी पट्ट्याने थेट प्लेटला बांधता येते किंवा मधे सिंगल टँक ॲडॅप्टर लागतो. विंगमध्येच पट्ट्यासाठी खाचा असतील तर ॲडॅप्टरचे पैसे वाचवा.

दोन टाक्या

इथे चूक महागात पडते. दोन भरलेल्या टाक्यांत पाच किलोवर नुसती हवाच असते. टाक्या स्टीलच्या असतील तर त्यातल्या बऱ्याचशा रिकाम्या झाल्यावरही तरंगत नाहीत. त्यावर स्टीलची प्लेट चढवली आणि अंगात पातळ वेटसूट, तर सुरुवातीलाच विंग फाटली की पोहून वर येणं कठीण. शिसं सोडून देता येतं, पाठीवरची प्लेट नाही. म्हणून अशा वेळी ॲल्युमिनियमची प्लेट. टाक्या ॲल्युमिनियमच्या असतील तर स्टीलची चालू शकते.

दोन टाक्या बोल्टने बसतात. प्लेटवरच्या दोन भोकांमधलं अंतर ११ इंच, म्हणजे २८ सेंटीमीटर असायला हवं, ते मोजूनच घ्या. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पत्रा कापून घेणार असाल तर हे माप द्याच, आणि खाचांच्या कडा घासून गोल करायला सांगा. धारदार कडा पट्टा कापते. विंगही वेगळी लागते. एका टाकीला सुमारे १३-१४ किलो उचलणारी पुरते, दोन टाक्यांना १८ ते २५. मोठी विंग एका टाकीवर लावली तर ती टाकीभोवती दुमडते आणि आत हवा अडकते. तसं बघितलं तर मालवणच्या उथळ पाण्यात दोन टाक्यांची गरज पडत नाही.

हे सगळे आकडे खाऱ्या पाण्याचे. उजनीसारख्या गोड्या पाण्यात उचल सुमारे अडीच टक्के कमी मिळते, म्हणजे सामानासह १०० किलोच्या माणसाला अडीच किलो वजन कमी लागतं. आणि उजनीतून पाणी सुटलेलं असताना चंद्रभागेत टाकी बांधून उतरायचा विचारही नको, वाहत्या पाण्याचं प्रशिक्षण वेगळंच असतं.

घेतलेलं सामान पहिल्यांदा पाण्यात नेताना प्रशिक्षकाला सोबत घ्या आणि दोन गोष्टी तपासा. टाक्या भरलेल्या, विंग रिकामी: पायांनी पोहून वर येता येतंय का? मग टाकीत ५० बार उरले असताना, विंग रिकामी करून ५ मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहता येतंय का? पहिलं जमलं नाही तर प्लेट हलकी करा, दुसरं जमलं नाही तर थोडं शिसं वाढवा.